पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस

नागपूर, 3 नोव्हेंबर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेल बाबांनी छापून आणून दिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला मोबाइलवर फार वेळ वाचवत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पाच पाने दोनदा वाचली. तुझी अडचण जर्मनीतल्या निवास परवान्याची आहे. पण पाचांपैकी तीन पाने तू परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता तुला कसे परत पाठवले यावर खर्च केली आहेस. म्हणून आधी त्याबद्दल लिहितो आणि मग कामाकडे वळतो.

मी एकतीस वर्षे त्या बाईंच्या जागी बसलो आहे. नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत माझे टेबल आवक-जावकचे होते, आणि मीही मान वर करत नसे. समोर रांग असली की कारकुनाला माणूस दिसत नाही, फक्त कागद दिसतो; त्यातही कागदाचा जो कोपरा अपुरा आहे तोच आधी दिसतो. याचे मी समर्थन करत नाही. एकदा मुदतीच्या शेवटच्या दिवशी पावणेसहा वाजता घामाघूम झालेला एक मनुष्य अर्ज घेऊन आला होता. शिक्का कपाटात गेला आहे, उद्या या, असे मी त्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज मुदतबाह्य ठरला. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. तुला लिहितो, कारण त्या माणसाने आदल्या आठवड्यात तोच अर्ज टपालाने पाठवून पोच ठेवली असती, तर माझ्या मर्जीला काही किंमतच उरली नसती. तुझे कामही कोणाच्या मर्जीवर अडणार नाही असे आपल्याला पाहायचे आहे.

तुझ्या परवान्याची मुदत 18 डिसेंबरला संपते आणि संगणकावर फेब्रुवारीपर्यंत भेटीची वेळ दिसत नाही, म्हणून तू हादरली आहेस. परंतु भेट आणि अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीच्या निवास कायद्याच्या 81व्या कलमात अशी तरतूद आहे की चालू परवान्याची मुदत संपण्यापूर्वी तू मुदतवाढीचा किंवा दुसऱ्या प्रकारच्या परवान्याचा अर्ज केलास, तर त्या अर्जावर निर्णय होईपर्यंत तुझा जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते. भेट मार्चमध्ये मिळाली तरी हरकत नाही. अर्ज 18 डिसेंबरच्या आत पोहोचलेला हवा. उशीर झाल्यास अवाजवी हाल टाळण्यासाठी कचेरी पुढचे दिवस गृहीत धरू शकते, परंतु तो तिचा अधिकार आहे, तुझा हक्क नाही. भेटीची वेळ मागितली म्हणजे अर्ज केला, असेही समजू नकोस. अनेक मुले तिथेच फसतात.

म्हणून याच आठवड्यात अर्ज लिही. कचेरीचा ऑनलाइन अर्ज असेल तर तो भर आणि शेवटी येणारी पावती तारीख-वेळेसह जपून ठेव. शिवाय तोच मजकूर कागदावर छापून, सही करून रजिस्टर टपालाने पाठव, ज्याला तिथे आइनश्राइबन म्हणतात. हा दुहेरी उद्योग तुला म्हातारपणाची खोड वाटेल, वाटू दे. पत्र जर्मन भाषेतच असू दे, कारण तिथल्या प्रशासनाची भाषा कायद्यानेच जर्मन ठरवली आहे आणि त्या बाईंनी तुझ्याशी इंग्रजी न बोलण्यात नियमाबाहेरचे काही नव्हते. पत्रात पासपोर्टवर आहे तसे नाव, जन्मतारीख, तुझ्या नस्तीचा, म्हणजे फाइलचा, क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, कोणता परवाना हवा आहे आणि सोबत कोणते कागद जोडले आहेत एवढेच लिही. आपल्या हालअपेष्टांची हकिकत त्यात घालू नकोस. ती वाचण्यात कारकुनाचा वेळ जातो आणि नेमका मुद्दा त्याच्या नजरेतून सुटतो. शेवटच्या ओळीत मात्र फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग मिळावे अशी स्पष्ट मागणी कर. शब्द उच्चारताना जीभ अडखळते, पण तो कागद म्हणजे आपल्या पोचेचाच थोरला भाऊ आहे: अर्ज प्रलंबित आहे आणि तोवर ही व्यक्ती कायदेशीरपणे राहत आहे, असे सांगणारा दाखला.

हा दाखला हातात आला की त्यावर कोणत्या चौकटीत खूण केली आहे ते आधी पाहा. त्याच 81व्या कलमाच्या तिसऱ्या उपकलमाखालचा दाखला परवान्याशिवाय कायदेशीरपणे देशात असलेल्यांसाठी असतो आणि त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. चौथ्या उपकलमाखालचा दाखला जुना परवाना असलेल्यांसाठी असतो. त्यावर, जुने कार्ड आणि पासपोर्ट सोबत ठेवून, परत येता येते. तुला चौथा मिळायला हवा. खूण चुकली असेल तर तिथेच, खिडकीसमोर उभी असतानाच सांग. घरी येऊन मेल पाठवण्यात दोन महिने जातात.

यातूनच दादाच्या लग्नाचा प्रश्न सुटतो किंवा अडतो. आई रोज विचारते हे मला माहीत आहे. हा दाखला हातात नसताना जानेवारीत तू विमानात बसू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी तुझ्या घरीही सांगितले आहे. दाखला मिळाला तर जरूर ये. नागपूरहून दोहामार्गे परतताना विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलाने असा कागद पूर्वी पाहिला असेलच असे नाही, तेव्हा वाद घालायला एक तास हाती ठेवून विमानतळावर जा. परतीचे तिकीट शक्यतो थेट जर्मनीतल्याच विमानतळाचे काढ. दुसऱ्या युरोपीय देशात उतरून तिथल्या अधिकाऱ्याला जर्मन कलम समजावून सांगण्याची वेळ स्वतःवर आणू नये.

नोकरीच्या बाबतीत तू एक समजूत करून घेतली आहेस, ती घातक ठरू शकते. जुना परवाना चालू राहतो याचा अर्थ तो त्याच्या जुन्या अटींसह चालू राहतो. तुझा परवाना विद्यार्थ्याचा आहे. त्यावर वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते, हे तुला ठाऊकच आहे. मात्र 1 जानेवारीपासूनची पूर्णवेळ नोकरी त्यात बसत नाही. त्यामुळे मालकाने दिलेले नियुक्तिपत्र अर्जाला जोड आणि त्या नोकरीची परवानगी दाखल्यावर लिहून मिळावी अशी विनंती कर. तसे कागदावर येईपर्यंत एक दिवसही रुजू होऊ नकोस. मालक कितीही चांगला असला आणि त्याने काही होत नाही असे कितीही वेळा म्हटले तरीही. तुझी सगळी अडचण त्याला आत्ताच लेखी कळव. बहुतेक मालक महिनाभर थांबतात. दुसरा मार्गही आहे: तिथल्या विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांना नोकरी शोधण्यासाठी 18 महिन्यांपर्यंत परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतीही नोकरी करता येते. दोन्हींपैकी काय मागायचे हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात विचारून ठरव. कारितास, डियाकोनी, रेड क्रॉस अशा संस्था स्थलांतरितांना विनामूल्य सल्ला देतात. त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा मानू नकोस.

आता नावाचे. आपल्या मराठी मुलांच्या नावांनी जगभरच्या कचेऱ्यांना जेवढे छळले आहे तेवढे क्वचितच कोणी छळले असेल. शाळेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे, आणि खाली आईचे वेगळे. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, तर तुझे आणि बाबांचे नाव मिळून दुसऱ्या ओळीत. परिणामी तुझ्या जर्मन कार्डावर बाबांचे नाव तुझेच दुसरे नाव म्हणून छापले गेले आहे आणि तू ते हसण्यावारी नेलेस. हसू नकोस. भाडेकरारावर, बँकेत, विम्यावर आणि आता नियुक्तिपत्रावर अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणे असू दे. नावात फरक दिसला की कारकून त्रुटी काढतो आणि त्रुटी निघाली की नस्ती ढिगाच्या तळाला जाते. हे मी अनुभवाने सांगतो, तळाशी ठेवणारा मीच होतो. तुझ्या पासपोर्टची मुदतही पुढच्या वर्षी संपते आहे. परवाना साधारणपणे पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा देत नाहीत, म्हणून नूतनीकरणाचे काम आत्ताच हाती घे. आपला दूतावास बर्लिनला आहे आणि फ्रँकफर्ट, म्युनिक व हॅम्बुर्ग येथे वाणिज्य दूतावास आहेत. तुझ्या राज्याचे काम कोणाकडे आहे ते पाहून अर्ज कर.

नोकरीसाठी तू दुसऱ्या शहरात जाणार आहेस, तेव्हा आणखी एक गोष्ट. तिथे नव्या घराची नोंदणी दोन आठवड्यांत करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते, हे तू एकदा केले आहेस. पण परदेशी नागरिकांची कचेरी तिथे शहराची किंवा जिल्ह्याची असते. शहर बदलले की कचेरी बदलते आणि तुझी नस्ती जुन्या कचेरीकडून नव्या कचेरीकडे मागवावी लागते. या प्रवासात नस्ती आठवडेच्या आठवडे कुठे असते, हे जगातल्या कोणत्याही आवक-जावकवाल्याला विचारू नये. म्हणून शक्य असेल तर दाखला हातात पडेपर्यंत पत्ता बदलू नकोस, आणि अर्जाची, पोचेची व दाखल्याची एक पूर्ण प्रत नेहमी स्वतःजवळ ठेव.

माझा मुलगा तिथे नऊ वर्षे होता. पहिल्या वर्षी तो मित्राच्या घरात पोटभाड्याने राहत असे आणि टपालपेटीवर नाव मित्राचे होते. कचेरीचे पत्र आले, पोस्टमनने पेटीवर नाव शोधले, ते नव्हते, पत्र परत गेले. आपल्याकडे पोस्टमन शेजारी विचारतो; तिथे पेटीवर नाव नाही म्हणजे माणूस नाही. नव्या घरात पहिल्या दिवशी पेटीवर तुझे नाव चिकटव, पंखा आणि पडदे नंतर. साध्या टपालाने आलेला सरकारी आदेश, तू पत्र उघडलेस की नाही याचा विचार न करता, टपालात टाकल्यापासून चौथ्या दिवशी मिळाला असे धरतात. 2025 पूर्वी तिसरा दिवस धरत. पिवळ्या लिफाफ्यातून पत्र आले तर लिफाफाही जप, कारण त्यावर पोस्टमनने टाकलेल्या तारखेपासून तुझी मुदत मोजली जाते. आपण लिफाफे फाडून रद्दीत टाकणारी माणसे आहोत, तेव्हा ही सवय मुद्दाम लावावी लागेल.

कचेरीतून बाहेर पडलीस की ट्राममध्ये बसण्याआधी चार ओळी लिहून काढ: तारीख, वेळ, खोलीचा क्रमांक, दारावरचे नाव, काय सांगितले. सरकारी भाषेत आम्ही याला टिपणी म्हणत असू. पुढच्या वेळी वेगळा माणूस वेगळेच काही सांगेल, तेव्हा रागाने बोलण्यापेक्षा ती टिपणी समोर ठेवलेली अधिक उपयोगी पडते. स्वतःची नस्ती पाहण्याचा हक्कही तुला आहे. आणि अर्ज करून तीन महिने उलटले, पुरेसे कारण न देता काहीच निर्णय दिला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेविरुद्ध दावा करता येतो. आपल्याकडे माहिती अधिकाराचे 30 दिवस आणि 2015 चा लोकसेवा हक्काचा कायदा आला तेव्हा आमच्या कचेरीत जी धांदल उडाली ती आठवून मी तुला सांगतो की अशा दाव्याचा नुसता नम्र उल्लेखही कधी कधी नस्ती हलवतो. मात्र तो तीन महिन्यांनंतरच कर. आधी केलास तर तुझ्या नावासमोर न लिहिलेला एक शेरा पडेल.

तू लिहिलेस की परदेशात आपण नेहमी उपरेच राहणार. मला आपल्या नागपुरातली जरीपटका वस्ती आठवली. पाकिस्तानातून आलेली कितीतरी सिंधी कुटुंबे तिथे वर्षानुवर्षे व्हिसाची मुदत वाढवत राहिली. 2016 च्या डिसेंबरात केंद्राने काही जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले त्यात नागपूरही होते. दीक्षाभूमीशी आयुष्य जोडलेले भदंत सुरई ससाई जन्माने जपानी. नागपुरात दोन दशके काढल्यावर, व्हिसा संपल्याच्या वादातून बाहेर पडून, 1987 साली ते भारतीय नागरिक झाले. आजही 180 दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आपल्या देशात आलेल्या परदेशी माणसाला 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. तुझ्यासारखीच कोणीतरी मुलगी इथेही एखाद्या खिडकीसमोर उभी असेल आणि खिडकीमागे बसलेला माझ्यासारखाच मान वर करत नसेल.

जन्मदाखल्याची नवी प्रत काढायला तुझे बाबा सोमवारी महापालिकेत जाणार आहेत. मी सोबत जाईन, कारण त्यांना झेरॉक्सचे सुटे पैसेसुद्धा मोजून ठेवायची सवय नाही. दाखल्यावरचे नाव पासपोर्टप्रमाणे आहे का हे तिथेच तपासून घेऊ. तू अर्जाचा जर्मन मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. मला जर्मन येत नाही, मुलाला येते; तो रात्री वाचून तुला कळवेल. टपालाची पावती मिळाली की तिचा फोटो काढून मला पाठव, अक्षरे मोठी दिसतील असा.

तुझा,
काका