टोकन दिल्यावर कळलं, गाडीवर कर्ज आहे. उरलेले पैसे द्यावेत का?

प्रश्न: आम्ही बार्शी तालुक्यात राहतो. मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे, त्यासाठी सोलापूरला जावं लागतं. एसटीचा प्रवास त्यांना आता सोसत नाही आणि दर खेपेला भाड्याची गाडी परवडत नाही. म्हणून दोन लाखांच्या आत जुनी छोटी गाडी बघत होतो. एका डीलरकडे 2014 ची वॅगन आर आवडली, 1 लाख 95 हजारांना. सीएनजी किट आहे, खर्च कमी येईल असं वाटलं. यूपीआयने 25 हजार टोकन दिलं. पावतीवर ‘टोकन परत मिळणार नाही’ असा शिक्का आहे. नंतर भाच्याने ऑनलाइन बघितलं तर गाडी भलत्याच माणसाच्या नावावर, वर फायनान्स कंपनीचं नाव. मीटरला 48 हजार किलोमीटर दिसतात, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नोंद 2021 मध्येच 86 हजारांची आहे. डीलर म्हणतो, “लोन क्लिअर आहे, मालकाच्या सह्यांचे फॉर्म माझ्याकडे आहेत. पैसे भरा, गाडी न्या, महिन्यात नावावर करून देतो.” गावात एका काकूंची 2015 ची अल्टोही आहे, 1 लाख 85 हजारांना. पण ती 94 हजार चालली आहे आणि वारलेल्या काकांच्याच नावावर आहे. काय करावं?

उत्तर: ताई, आधी एवढं करा: डीलरला आता एक रुपयाही देऊ नका. 1 लाख 70 हजार अजून तुमच्या हातात आहेत आणि या घडीला तुमची सगळी ताकद त्यातच आहे. ‘पैसे भरा, मग कागद करू’ हे ज्यांनी ऐकलं, ते पुढे महिनोन्‌महिने डीलरच्या दारात हेलपाटे घालताना मी बघते. घरात आजारी माणूस असताना तुम्हाला ते झेपणार नाही.

कर्जाचं बघू. गाडीवर कर्ज असलं की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, फायनान्स कंपनीचा बोजा चढतो, आपण त्याला एचपी म्हणतो. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 51 सांगतं की हा बोजा असेपर्यंत फायनान्स कंपनीच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणजे डीलरने कितीही शब्द दिला तरी आरटीओत काम अडणारच. त्याहून वाईट म्हणजे हप्ते थकले असतील तर कंपनीची माणसं गाडी ओढून नेऊ शकतात. तेव्हा ती तुमच्या अंगणात उभी आहे आणि तुम्ही पूर्ण पैसे मोजलेत, याने फार फरक पडत नाही. विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो, असं मालविक्री कायद्याचं कलम 27 आहे.

कर्ज खरंच फिटलं असेल तर ते दाखवणं अवघड नाही. कंपनीचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 लागतो. फॉर्म 35 वर मालकाची आणि कंपनीची, दोघांची सही असते. ते आरटीओत दिलं की बोजा उतरतो. डीलर हे कागद आज दाखवू शकत नसेल, तर तुमच्यापुरतं लोन क्लिअर नाही.

आता त्या ‘सह्यांच्या फॉर्म’बद्दल. फॉर्म 29 म्हणजे गाडी विकल्याची सूचना, फॉर्म 30 म्हणजे नावावर करण्याचा अर्ज. आपल्याकडे हे फॉर्म कोरे सही करून घेतात आणि गाडीबरोबर या हातातून त्या हातात फिरतात. खरेदीदाराचं नाव रिकामं, तारीख रिकामी. सही करणाऱ्या माणसाने तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं. उद्या आरटीओने त्याला बोलावलं किंवा त्याच्या मोबाइलवर ओटीपी गेला आणि त्याने हात वर केले, तर त्या सह्यांचा उपयोग शून्य.

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळे नियम आहेत. त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र हवं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म 29सी मध्ये ऑनलाइन व्हायला हवी. ती झाली की कायद्याच्या नजरेत तोच मालक धरला जातो आणि ट्रान्सफरचा अर्जही तो करू शकतो. तुमच्या डीलरला या दोन गोष्टी मागा. नियमाने धंदा करणारा डीलर लगेच दाखवील.

शक्य असेल तर आरसीवरच्या मूळ मालकाला फोन करा. त्याच्यासाठीही ही बाब गंभीर आहे आणि बहुतेकांना त्याची कल्पना नसते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात गाडी अपघाताआधीच हातोहात पुढे विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. हे शांतपणे सांगितलंत तर तो माणूस कदाचित स्वतःच धावपळ करील. निदान कर्जाचं खरं काय, ते तरी कळेल.

पण बोजा उतरला तरी ही गाडी घ्यावी असं मला वाटत नाही. कारण मीटर. 2021 मध्ये 86 हजार चाललेली गाडी आज 48 हजार दाखवते, म्हणजे कुणीतरी मीटर मागे फिरवलाय. जिथे मीटर फिरवलाय तिथे क्लच, सस्पेन्शन, टायमिंग चेन यांच्याबद्दल सांगितलेलं तरी का मानायचं? सीएनजी किटचंही तेच. ते आरसीवर चढलेलं आहे का, बघा. इंधनाच्या रकान्यात नुसतं ‘पेट्रोल’ असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे तो बेकायदा बदल आहे आणि आग किंवा अपघात झाला तर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवील. सिलिंडरची हायड्रो टेस्टिंग, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. त्याचं सर्टिफिकेट मागा. ज्या गाडीत पेशंटला बसवून न्यायचं, तिच्या मागच्या सीटपाठी तपासणी न झालेला सिलिंडर नको.

आता टोकन. त्या शिक्क्याला घाबरू नका. तुम्ही लहर फिरली म्हणून सौदा मोडला असता तर डीलर काही बोलू शकला असता. इथे त्याने किलोमीटर खोटे सांगितले आणि कर्ज लपवलं. करार कायद्याच्या कलम 17 ते 19 प्रमाणे फसवणुकीने किंवा खोट्या माहितीवर झालेला करार तुम्ही रद्द करू शकता, आणि करार रद्द झाला की घेतलेले पैसे त्याने परत द्यायचे. छापील शिक्क्याने ही जबाबदारी टळत नाही.

त्यासाठी पुरावा आजच बांधा. गाडीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मीटरचा फोटो, सर्व्हिस सेंटरची नोंद (तोंडी नको, कागदावर किंवा मेलवर घ्या), सरकारच्या वाहन पोर्टलवर फायनान्स कंपनीचं नाव दिसतं त्या पानाची प्रत, यूपीआयची पावती. डीलरचे व्हॉट्सॲप मेसेज आणि व्हॉइस नोट ज्या फोनवर आल्यात त्याच फोनवर राहू द्या. फोन बदलू नका, चॅट साफ करू नका. आणि डीलरला एक साधा मेसेज टाका: ‘गाडीवर कर्ज नाही आणि ती 48 हजारच चालली आहे, असं तुम्ही सांगितलं होतं. ना हरकत पत्र आणि सर्व्हिस रेकॉर्ड पाठवा.’ तो जे उत्तर देईल किंवा देणार नाही, दोन्ही तुमच्या कामाचं आहे.

मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: 15 दिवसांत 25 हजार परत करा. ती तुमच्या सहीनेही चालते. पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. डीलर धंदा म्हणून गाड्या विकतो आणि तुम्ही घरच्या वापरासाठी घेताय, म्हणजे तुम्ही ग्राहक आहात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, एवढ्या रकमेला फी नाही आणि वकील असलाच पाहिजे असं नाही. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधी कधी तेवढ्यानेही पैसे सुटतात. कर्ज माहीत असून लपवलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांत तक्रारही होऊ शकते. पोलीस बऱ्याचदा ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतात. म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मी तुमच्या जागी असते तर पहिला जोर ग्राहक आयोगावर दिला असता.

आणि काकूंची अल्टो? मन तिच्याकडे वळवा, असंच मी म्हणेन. 94 हजार आकडा मोठा वाटतो, पण सर्व्हिस रेकॉर्डशी जुळला तर तो खरा आकडा आहे. तिच्या कागदात अडचण आहे, पण ती सुटणारी आहे. मालक वारल्यावर वारसाने फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. मृत्यू दाखला लागतो आणि मुलं असतील तर त्यांची संमती प्रतिज्ञापत्रावर. यासाठी तीन महिन्यांची मुदत असते, ती उलटली असेल तर दंड पडेल, तो कुणी भरायचा ते आधी ठरवा. गाडी काकूंच्या नावावर झाली की फॉर्म 29 आणि 30 ने तुमच्या. वारसांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तर पैसे देऊ नका, मग काकू कितीही ओळखीच्या असोत.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: काकू व्यापारी नाहीत, त्यामुळे पुढे वाद झाला तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्ट. म्हणून आधीच पक्कं करा. बाहेरचा मेकॅनिक नेऊन गाडी थंड असताना सुरू करून बघा. चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेला ठसा आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. प्रलंबित ई-चलन बघा. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असल्याने नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी, नाहीतर आरटीओत काम अडेल. 2015 च्या गाडीची नोंदणी 2030 मध्ये संपते. पुढे फिटनेस करून पाच वर्षांसाठी वाढवावी लागेल, तो खर्च भाव करताना धरा.

पैसे दोन टप्प्यांत द्या: थोडे करारावेळी, बाकीचे आरटीओत कागद दाखल होतील त्या दिवशी, आणि सगळे बँकेतून. गाडी ताब्यात घेताना तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघींच्या सह्या घ्या. त्या वेळेआधीचं चलन किंवा अपघात तुमच्या डोक्यावर येत नाही. विक्रीपासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलाचा अर्ज द्या. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठीचा विमा आपोआप पुढे चालतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा चालत नाही. त्यासाठी पॉलिसी तुमच्या नावावर हवी. काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळणार नाही, म्हणून प्रीमियममध्ये थोडा फरक पडेल.

कागदांना महिना-दीड महिना लागू शकतो. तोवर दवाखान्याच्या फेऱ्या थांबणार नाहीत, हे मला कळतं. पण काकांच्या नावावर असलेली गाडी तशीच वापरायला घेऊ नका; काकू तयार असल्या तरी नको. डायलिसिस केंद्रात तुमच्या बाजूच्या गावातून येणारे आणखी पेशंट असतील, केंद्राच्या नोंदणी खिडकीवर विचारा, आणि एवढा महिना त्यांच्याबरोबर भाडं वाटून घ्या.