जुम्म्याच्या आदल्या संध्याकाळी

‘वस्तीतली मोठी माणसे लस नाकारतात ती धर्मामुळेच ना? मग समजवायचे तरी कसे?’ असे आशाताई, म्हणजे वस्तीत घरोघरी जाणाऱ्या आरोग्य सेविका, मला अजूनही विचारतात आणि दर वेळी मला 2021 च्या पावसाळ्यात मालेगावात कोविड लसीकरणाच्या वेळी भेटलेले एक लूम (यंत्रमाग) कामगार आठवतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांचे वय 45 च्या आसपास, मधुमेह जुना. पत्नी आग्रहाने घेऊन आली होती. ‘मॅडम, लस घेतली की मूलबाळ होत नाही, माणूस दोन वर्षांत मरतो, असं सगळे म्हणतात,’ ते म्हणाले. मी लगेच खोडून काढले नाही. हे कुठे ऐकले, एवढेच विचारले. सुरुवात मोबाइलवरच्या चित्रफितीपासून झाली, पण बोलता बोलता ते वडिलांपर्यंत पोहोचले. 1976 साली आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीच्या धाकाने वडील कित्येक रात्री घराबाहेर झोपत असत. ज्या घरात ही आठवण जिवंत आहे त्या घराला अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

‘वडिलांची भीती खरी होती, भाई,’ मी म्हणाले. ‘इथे नको म्हणायचा हक्क तुमचा आहे.’ मग या लशीने वंध्यत्व येत नाही, मधुमेह असलेल्यांना कोविडचा धोका अधिक असतो आणि लशीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते, हे सांगितले. ‘ताप’ म्हणताच ते सावरून बसले. बारा तासांची पाळी, मजुरी विणलेल्या मीटरवर. दोन दिवस अंथरुणात काढले तर आठवड्याचा बाजार कशातून करायचा? एवढा वेळ मी जे शोधत होते ते हेच होते.

मालेगावात लूम शुक्रवारी बंद असतात. म्हणून गुरुवारी पाळीआधी लस घ्यायची आणि जुम्म्याचा दिवस विश्रांतीला ठेवायचा, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. धर्माची शंका शेवटी काढली ती पत्नीने. त्या शंकेचे उत्तर मी दिले नाही, ते कामगाराच्या मामांनी दिले. मामा हाजी होते आणि हजला जाण्याआधी मेंदूज्वराची लस घ्यावीच लागते, हे त्यांनी स्वतःचा दंड दाखवून सांगितले.

84 दिवसांनी दुसऱ्या डोसच्या वेळी ते सोबत दोन कामगारांना घेऊन आले. त्या दोघांचा प्रश्न एकच होता: तापाची गोळी लशीआधी घ्यायची की नंतर? नंतर, आणि ताप आला तरच, असे मी सांगितले.