मळसूत्री की सर्पिल? पानांच्या चढत्या मांडणीसाठी शब्द

प्रश्न असा आहे: एका झाडाच्या वर्णनात 'पाने खोडाभोवती चक्राकार येतात' असं वाक्य होतं. सोबतच्या चित्रात मात्र पानं एकेक करत, खोडाला फेरा घालत वर चढलेली दिसत होती. इथे 'चक्राकार' बरोबर, की 'सर्पिल' म्हणायचं? आणि जाता जाता, या सगळ्याला 'पर्णरचना' म्हटलं तर चालेल का?

'चक्राकार' मी लगेच खोडेन. चक्र निघालं तिथेच परत येतं, ते वर चढत नाही. खरी चक्राकार पानं पाहायची तर कण्हेर पाहा: एकाच पेरावर तीन पानं, खोडाला कडं घातल्यासारखी. सप्तपर्णीचंही तसंच, तिथे एका कड्यात पानं जास्त. अशा पानांना वनस्पतिशास्त्राच्या मराठीत 'मंडलित' म्हणतात. त्यामुळे जाणकार वाचक 'चक्राकार' वाचून नेमकी भलतीच मांडणी डोळ्यांपुढे आणेल.

उरले 'सर्पिल' आणि 'मळसूत्री'. आपण हे दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण आकार दोन आहेत. साप वेटोळं घालून बसतो तेव्हा मध्यापासून निघालेली रेषा फिरत फिरत बाहेर जाते, दर फेऱ्याला मध्यापासून लांब होते आणि तरी सपाटच राहते. ते सर्पिल. मळसूत्रात उलट: मध्यापासूनचं अंतर तेवढंच, चढ मात्र सतत. स्क्रूचे किंवा बाटलीच्या झाकणाचे आटे आठवा. खोड हा लांबट दंडगोल, पानं त्याच्या अंगाला धरून वर जाणारी, म्हणून खोडावरची मांडणी मळसूत्री.

घोळाचं मूळ बहुधा इंग्रजीत आहे. तिथे रोजच्या वापरात 'स्पायरल' हा एकच शब्द दोन्हींसाठी राबवतात. गंमत पाहा, केवड्याला इंग्रजीत 'स्क्रू पाइन' म्हणतात, कारण त्याच्या पानांच्या तीन ओळी खोडाभोवती पिळत जातात. आणि पेव्याला 'स्पायरल जिंजर', कारण त्याची पानं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढतात. आकाराची जात एकच, नावं दोन. मराठीत दोन आकारांना दोन शब्द आयते असताना आपण एकावर का यावं?

(मळसूत्र लिहिण्यात एकच धोका. मी लिहिलेल्या एका मजकुरात ते छपाईपर्यंत 'मंगळसूत्र' झालं होतं. झाडाच्या खोडाला मंगळसूत्र!)

'विळखा' का नको, असंही कुणी विचारेल. विळखा वेल घालते. तिथे वळणारी वस्तू सलग असते. इथे खोडावर कुठलीही रेष नाही. पानं सुटी सुटी आहेत, त्यांना वयाच्या क्रमाने जोडणारी रेषा आपण मनात काढतो. ती प्रत्यक्ष पाहायची असेल तर जास्वंदीची एक सरळ फांदी घ्या. एका पानाच्या देठापाशी दोरा बांधा आणि तो वरच्या पानाच्या देठाला, मग त्याच्या वरच्या, असा नेत राहा. साधारणपणे पाच पानं चढल्यावर दोरा पहिल्या पानाच्या बरोबर वर येतो, आणि तेवढ्यात त्याने खोडाला दोन फेरे घातलेले असतात. म्हणून या मांडणीला 2/5 म्हणतात, म्हणजे दोन पानांमधला कोन 144 अंश. गवताचा अपूर्णांक 1/2, लव्हाळ्याच्या कुळाचा 1/3, पपईचा 3/8.

इथे आणखी एक शब्द अडतो. वनस्पतींच्या वर्णनात 'पाने एकाआड एक' असं छापलेलं असतं. त्याचा शास्त्रीय अर्थ एका पेराला एकच पान, एवढाच. पण मराठी कानाला 'एकाआड एक' म्हणजे एक इकडे, एक तिकडे. गवताला ते चपखल बसतं. जास्वंदीला लावलं की वाचक पानं डावी-उजवीकडे मांडतो आणि फिरणं हरवतं. मी तरी अशा ठिकाणी 'पाने एकेकटी, मळसूत्री क्रमाने' असं लिहितो.

अपूर्णांकांतल्या संख्या ओळखीच्या वाटल्या असतील: 1, 2, 3, 5, 8, 13. फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने 1202 मध्ये सशांच्या जोड्या मोजताना त्या मांडल्या. पण शब्दांच्या प्रेमात असलेल्यांनी त्याही आधी छंदःशास्त्राकडे पाहावं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरेल? पाच. पाच मात्रांची आठ, सहांची तेरा. विरहांक या छंदःशास्त्रकाराने आणि पुढे बाराव्या शतकात जैन पंडित हेमचंद्राने हा हिशेब मांडून ठेवला आहे. छंद मोजणाऱ्यांना पानांशी काही देणंघेणं नव्हतं, हे त्यातलं मला आवडतं.

हे अपूर्णांक पुढे नेले, 5/13, 8/21, तर कोन 137.5 अंशांच्या आसपास स्थिरावतो. झाड अर्थातच कोन मोजत नाही. वाढत्या शेंड्यावर नवं पान आधीच्या पानांपासून जिथे सर्वांत मोकळी जागा असेल तिथे फुटतं, असं होफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1868 मध्ये मांडलं. आता त्यामागे ऑक्सिन हे संप्रेरक असल्याचं दिसतं: फुटणारं पान आसपासचं ऑक्सिन ओढून घेतं, म्हणून पुढचं पान दूर फुटतं. 1992 मध्ये दुआदी आणि कुदेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी चुंबकीय द्रवाचे थेंब एकामागून एक तेलाच्या बशीत सोडले. थेंब एकमेकांना दूर ढकलत होते, आणि त्यांच्या मांडणीतही हाच कोन आला. झाड नाही, पान नाही, तरीही. पेवा मात्र या नियमाला जुमानत नाही. त्याचं पुढचं पान फार थोडंसंच वळून येतं, म्हणून तर त्याचा जिना इतका स्पष्ट दिसतो.

मग 'सर्पिल' कुठे वापरायचा? खोड आखडून सपाट झालं की. सूर्यफुलाचं तबक हे दाबून बसवलेलं खोडच समजा. शेंड्याकडे निमुळतं होत गेलेलं मळसूत्र वरून दाबलं की सर्पिल होतं. तिथे एका दिशेला 34 आणि उलट दिशेला 55 ओळी मोजता येतात. मात्र या ओळी जन्मक्रमाच्या नव्हेत. 34 ओळींपैकी एका ओळीत शेजारी बसलेल्या दोन बियांच्या जन्मात 34 क्रमांकांचं अंतर असतं. पाठोपाठ जन्मलेल्या बिया 137.5 अंशांनी दूर पडलेल्या असतात. म्हणून दिसते ती 'तिरकस ओळ' आणि दोऱ्याने जोडतो तो 'जन्मक्रम', असे दोन शब्द वेगळे ठेवलेले बरे. घायपातीसारख्या जमिनीलगतच्या झुबक्यालाही वरून पाहताना सर्पिल म्हणायला माझी हरकत नाही.

राहिली 'पर्णरचना'. तो शब्द ऐकला की एका पानाचं देठ, पातं, शिरा असं मनात येतं. इथे विषय अनेक पानांच्या जागांचा आहे, म्हणून रूढ असलेला 'पर्णविन्यास'च योग्य. विन्यासात वि आणि नि या उपसर्गांमागे 'अस्' म्हणजे टाकणं हा धातू आहे. जागच्या जागी नीट ठेवणं हा अर्थ त्यातून आला. केशविन्यासात तोच आहे. तर तुमचं वाक्य असं करा: 'पर्णविन्यास मळसूत्री, प्रत्येक पेरावर एक पान.'