नाशिकमध्ये अंबड-सातपूरला तीन इंटरव्ह्यू झाले, 'कळवतो' म्हणाले आणि पुढे कोणीच बोलत नाही. मी काय करू?

तुमचं काही चुकलंच असेल असं धरून बसू नका. बऱ्याचदा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते, त्याचा नोटीस पिरियड महिना ते तीन महिने असतो, आणि तो खरंच जॉइन होईपर्यंत बाकीच्यांना ना हो म्हणतात ना नाही. कधी वरून जागाच होल्डवर जाते. एचआरला हे माहीत असतं. तरीही दोन ओळींचा नकार पाठवत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. सिन्नरहून, ओझरहून माणूस सुट्टी टाकून, पदरचं भाडं खर्चून आलेला असतो हो!

आठवड्याने एक मेल टाका. आधीच्याच मेलला रिप्लाय करा आणि एवढंच लिहा: 'मॅडम, मंगळवारी क्वालिटी इंजिनिअर पदासाठी इंटरव्ह्यू दिला होता. निर्णय कधीपर्यंत होईल?' अजून आठवड्याने एक फोन. त्यावरही शांतता असेल तर ती जागा सोडून द्या, आणि तोवर दुसरीकडे अर्ज थांबवू नका. यापुढे खुर्चीवरून उठण्याआधीच तारीख आणि कोणाला फोन करायचा ते विचारून घ्या.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर त्यांनाच धरा, त्यांना आतलं लवकर कळतं. 'पैसे भरा, निकाल लावून देतो' म्हणणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नका.

सरकारी भरती असेल तर गोष्ट वेगळी. तिथे माहिती अधिकारात, 2005 च्या कायद्याने, अर्ज करता येतो आणि साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.