ॲरिझोनातील कार्टच्नर गुहा वृद्ध आई-वडील आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन पाहता येतील का?

आपण डिसेंबरमध्ये टूसॉनला येत आहात आणि कार्टच्नर कॅव्हर्न्स राज्य उद्यानासाठी एक दिवस काढावा का, असे विचारले आहे. अवश्य काढावा. टूसॉनहून मोटारीने तासाभरावर, बेन्सन गावाजवळ असलेल्या या गुहा मी माझ्या आईसोबत पाहिल्या आहेत.

मार्गदर्शकाशिवाय आत प्रवेश नाही. ‘बिग रूम’ची फेरी फक्त हिवाळ्यात असते, कारण उन्हाळ्यात त्या दालनात वटवाघळांच्या माद्या पिलांना जन्म देतात, मात्र सात वर्षांखालील मुलांना तिथे नेत नाहीत. म्हणून आपण ‘रोटुंडा-थ्रोन रूम’ची फेरी घ्यावी आणि आरक्षण आधीच करून ठेवावे. फेरी सुमारे दीड तासाची असून वाट पक्की बांधलेली आहे. बाबागाडी, पिशव्या, कॅमेरा आणि मोबाइल मात्र बाहेरच ठेवावे लागतात.

हे नियम जाचक वाटू शकतात, पण त्यांच्यामागचे कारण कळले की ते मनापासून पटतात. १९७४ मध्ये गॅरी टेनन आणि रँडी टफ्ट्स या दोन तरुणांना ही गुहा सापडली, आणि नासधूस होऊ नये म्हणून १९८८ मध्ये राज्याने ती विकत घेईपर्यंत तिचा बोभाटा होऊ दिला गेला नाही. पर्यटकांसाठी ती १९९९ मध्ये खुली झाली. चुनखडकातून झिरपणाऱ्या पाण्याने तिथले लवणस्तंभ आजही वाढत आहेत. आतली आर्द्रता जवळजवळ ९९ टक्के असल्यामुळे वाळवंटाची कोरडी हवा शिरू नये म्हणून एकामागून एक बंद दारे ओलांडावी लागतात, आणि कपड्यांवरचे तंतू आत झडू नयेत म्हणून अंगावर पाण्याचा बारीक फवारा येतो. आमच्या मार्गदर्शक बाईंनी आईला पदर खोचून घ्यायला सांगितले. चुकून कुणाचा हात दगडाला लागलाच, तर त्या जागी खूण करून नंतर ती स्वच्छ केली जाते.

थ्रोन रूममधला ५८ फूट उंचीचा ‘कुब्ला खान’ स्तंभ भव्य आहे यात शंका नाही. तरीही आईला आणि मला अधिक भावली ती छतातून लोंबणारी, गवताच्या काडीएवढी बारीक पोकळ नळी, जिची लांबी २१ फूट २ इंच आहे. जवळच्याच एका आखूड नळीवर विजेरीचा झोत पडला तेव्हा तिच्या टोकाशी पाण्याचा थेंब थरथरत होता आणि आम्ही पुढे निघेपर्यंत तो खाली पडला नव्हता.

आत हवा उबदार, सुमारे २२ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे आई-वडिलांनी जाड स्वेटर घालू नयेत. कशालाही हात लावायचा नाही, हे मुलीला मात्र घरूनच समजावून आणावे.