न्यूमॅटिक कन्व्हेइंगची लाईन सारखी चोक होते, मोठा ब्लोअर लावू का?

तुम्ही विचारलंय की चुनखडीची बारीक पावडर हवेने सायलोपर्यंत नेणारी तुमची लाईन आठवड्यातून दोन-तीनदा चोक होते, आणि मोठा ब्लोअर बसवला तर त्रास संपेल का. मी बरीच वर्षं अशाच लाईनींच्या मेंटेनन्समध्ये आहे, म्हणून सांगतो, ब्लोअरची ऑर्डर आत्ताच देऊ नका, आधी लाईनच्या सुरुवातीला, म्हणजे पावडर जिथे पाइपात पडते तिथे (फीडपाशी), हवेचा वेग किती आहे ते काढा.

बहुतेक ठिकाणी घोळ इथेच असतो. ब्लोअरच्या नेमप्लेटवर जो आकडा असतो तो बाहेरच्या साध्या दाबाच्या हवेचा असतो, पण लाईनमध्ये सुरुवातीला दाब असतो, हवा दाबली गेलेली असते, म्हणजे तिचं आकारमान कमी आणि वेगही कमी. समजा पाइप आतून 100 मिमीचा आणि ब्लोअर तासाला 550 घनमीटरचा, तर कागदावर वेग येतो 19.5 मीटर प्रति सेकंद, सगळे खूश. पण गेज 0.5 बार दाखवत असेल, म्हणजे बाहेरच्या हवेचा साधारण 1 बार धरून एकूण 1.5, तर फीडपाशी खरा वेग 19.5 भागिले 1.5, म्हणजे फक्त 13. ब्लोअरमधून हवा गरम होऊन येते त्यामुळे थोडा फरक पडतो, पण त्यावर भरवसा ठेवू नका. बारीक पावडर तरंगत न्यायची तर साधारण 15 ते 18 लागतात, दाणेदार मालाला 20 च्या आसपास. वेग त्याच्या खाली गेला की पावडर आडव्या पाइपाच्या तळाशी बसायला लागते, थर वाढतो, मग एखादा ढीग सरकून सगळा पाइप भरतो आणि प्रेशर उडी मारतं.

आता त्या 13 मधूनही हवा कुठे पळते ते बघा. रोटरी व्हॉल्व्ह (एअरलॉक), म्हणजे वरच्या हॉपरमधली पावडर फिरत्या कप्प्यांतून पाइपात सोडणारा व्हॉल्व्ह, नवीन असताना रोटर आणि बॉडीमधली फट केसाएवढी, 0.1 मिमीच्या आसपास असते. चुनखडी ती घासून वाढवते आणि दाबाची हवा खाली लाईनमध्ये जायच्या ऐवजी वर हॉपरमध्ये जाते. दहावा हिस्सा जरी गेला तरी तुमचे 13 चे 12 पण राहत नाहीत. वरून आणखी एक त्रास, ती वर जाणारी हवा पावडरीला रोटरच्या कप्प्यात नीट पडूच देत नाही, मग फीड कधी कमी कधी एकदम जास्त असं झटक्याने येतं आणि चोक बरेचदा त्या झटक्यालाच होतो. हॉपरच्या झाकणातून किंवा व्हेंटमधून पावडर फुसफुसत बाहेर येते का बघा, येत असेल तर आधी व्हॉल्व्ह उघडून फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा. व्हॉल्व्ह चांगला असला तरी रिकामे परत वर येणारे कप्पे थोडी हवा आणतातच, म्हणून तिला बाहेर जायला वेगळा व्हेंट पाहिजेच.

फुकटची टेस्ट अशी: फीड बंद ठेवून नुसती हवा चालवा आणि प्रेशर लिहून ठेवा. लाईन नवी किंवा साफ असतानाच्या आकड्यापेक्षा हा जास्त असेल तर आत थर बसलाय किंवा बाहेर जाणाऱ्या हवेतली पावडर अडवणारा बॅग फिल्टर बुजलाय, कमी असेल तर हवा कुठेतरी वाटेतच पळतेय, व्हॉल्व्हमधून नाहीतर ब्लोअरच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणाऱ्या). मग फीड 15-20 टक्के कमी करून चार दिवस चालवून बघा, चोक बंद झालं तर लाईन काठावर चालतेय हे नक्की. आणि बंद करताना फीड थांबवून लाईन पूर्ण रिकामी होईपर्यंत ब्लोअर चालू ठेवायचा, हे कितीतरी ठिकाणी करतच नाहीत.

चोक नेमकं कुठे होतं तेही लिहून ठेवा. पाइपावर हलकं टकटक केलं की रिकामा भाग खणखणतो आणि भरलेला बद्द वाजतो. हातोड्याने बडवू नका, पोचा पडला की तिथेच पुन्हा माल अडतो. फ्लँज (पाइपाचा बोल्टचा जोड) उघडायच्या आधी दोन्ही बाजूंचा दाब सोडा, चोकच्या मागे अडकलेली हवा बोल्ट सैल केला की पावडरीसकट तोंडावर येते, ही गोष्ट अजिबात हलक्यात घेऊ नका. चोक दरवेळी पहिल्या बेंडपाशीच होत असेल तर फीडपासून बेंडपर्यंत सरळ पाइप पुरेसा आहे का बघा, पाइपाच्या व्यासाच्या निदान वीसपट तरी पाहिजे, कारण पावडर वेग घ्यायच्या आतच तिला वळवलं की ती तिथे बसणारच. तिरका चढता पाइप असेल तर तोही संशयित, माल मागे घसरतो, त्यापेक्षा आडवा आणि मग सरळ उभा बरा.

मोठ्या ब्लोअरबद्दल इतका सावध करतोय कारण हवा पुढे जाता जाता फुगत जाते. सुरुवातीला 20 केला की 0.5 बारच्या लाईनला शेवटी 30 होतो. झीज वेगाच्या साधारण अडीच ते तीन घाताने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर झीज 6 ते 8 पट, आणि शेवटच्या बेंडना भोकं पडतात. शिवाय वीज.

हे सगळं नीट करूनही फीडपाशी वेग 15 च्या खालीच राहिला तर मात्र खरंच हवा कमी आहे, ब्लोअर बदला. पण तेव्हा लाईनचा शेवटचा टप्पा एक साइज मोठ्या पाइपाचा करून घ्या, म्हणजे तिथला वेग खाली येईल. फक्त पाइप रुंद केल्यावर त्या टप्प्याच्या सुरुवातीलाही 15 च्या वर राहतोय ना, ते आधी हिशोब करून बघा.