वाचक विचारतात : निधनाची बातमी, थांबलेली गाणी आणि बाजारभाव

(मोठा पुढारी गेला की रेडिओ-टीव्हीनं काय बोलावं आणि काय थांबवावं, याभोवतीचे प्रश्न या वेळी निवडले आहेत. उत्तरं देत आहेत मराठवाड्यात आकाशवाणीवर उद्घोषक म्हणून काम करून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक.)

प्रश्न : आमच्या भागातले नेते दवाखान्यात होते. एका वाहिनीच्या पट्टीवर 'निधन' आलं आणि सासऱ्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं. चौकात फोटोला हारसुद्धा पडला. थोड्या वेळानं दुसऱ्या वाहिनीवर डॉक्टर सांगत होते की उपचार चालू आहेत. हे असं होतंच कसं? — गृहिणी, अंबाजोगाई

ताई, पहिलं कोण सांगतो याची घाई हे त्याचं एकमेव कारण. 'सूत्रांच्या माहितीनुसार निधन' हे वाक्य मी कधीही हातात घेतलं नसतं. मंत्रिमंडळात कोण येणार, हे सूत्रं सांगू शकतात. माणूस गेला हे डॉक्टर सांगतात किंवा घरचे.

ही चूक फार वरच्या पातळीवरही झालेली आहे. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण गेल्याचं खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी जाहीर केलं. संसदेचं कामकाज थांबलं, रेडिओचे नेहमीचे कार्यक्रम बंद झाले, शाळा-दुकानं बंद झाली. जेपी त्या वेळी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते, जिवंत होते. ते गेले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. मधले सहा महिने ते आपल्याच श्रद्धांजलीनंतर जगले.

याची दुसरी बाजूही सांगतो. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. दुपारी २ वाजून २० मिनिटांनी दिल्लीच्या 'एम्स'नं त्यांना मृत घोषित केलं. आकाशवाणीनं ते सांगितलं संध्याकाळी सहाच्या बातम्यांत. तोवर बीबीसीनं सांगून टाकलं होतं. राष्ट्रपती झैलसिंग परदेशात होते, राजीव गांधी बंगालच्या दौऱ्यावर होते, हे सगळं खरं. पण आपल्या पंतप्रधानांची बातमी आपल्या लोकांना परक्या स्टेशनवरून कळावी, याचं मला आजही वाईट वाटतं. डॉक्टरांनी जाहीर करेपर्यंत थांबायचं, जाहीर केल्यावर एक मिनिटही थांबायचं नाही. मधल्या वेळात 'प्रकृती गंभीर आहे' एवढंच बोलायचं.

स्थानिक पुढारी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडून खात्री करायची आणि आणखी एक गोष्ट विचारायची : घरच्यांना कळलंय का? मुलगी नांदेडहून गाडीनं निघालेली आहे आणि तिला वाटेत टपरीवरच्या टीव्हीवर कळलं, असं होता कामा नये.

प्रश्न : 'निधन', 'मृत्यू', 'ठार', 'कैलासवासी', 'दिवंगत' यांतला कोणता शब्द कधी वापरायचा? आणि एकाच अपघातात पुढाऱ्याचं 'निधन' होतं नि चालक 'ठार' होतो, हे बरोबर आहे का? — निवृत्त शिक्षक, कंधार

गुरुजी, दुसरा प्रश्न माझ्या मनातला आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. अजिबात बरोबर नाही. 'अपघातात आमदारांचं निधन, चालक ठार' असा मजकूर समोर आला की मी तो संपादकाला विचारून बदलून घेत असे. दोघांचाही 'मृत्यू झाला' म्हणावं. चालकाचं नाव मिळालं असेल तर तेही घ्यावं. बाजेवर बसून रेडिओ ऐकणाऱ्या त्याच्या आईच्या कानावर तो शब्द पडणार असतो.

आता नेहमीचे शब्द. नाव घेऊन एका व्यक्तीबद्दल बोलताना 'निधन'. कारण किंवा घटना सांगताना 'मृत्यू', म्हणजे हृदयविकारानं मृत्यू, पुरात वाहून मृत्यू. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी हे घरच्यांचे, पत्रिकेतले शब्द आहेत. उद्घोषकानं ते वापरू नयेत. मेलेला माणूस कुठं गेला हे ठरवणं आपलं काम नाही. नंतरच्या उल्लेखात 'दिवंगत' सगळ्यांना चालतो. 'अंत्यसंस्कार' की 'दफनविधी' हे घरी विचारून घ्यावं, नावावरून अंदाज बांधू नये. लिंगायत समाजात दफन करतात, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. मुंबईहून आलेल्या मजकुरात मात्र हे हमखास चुकतं.

पदाबद्दलही गडबड होते. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीतल्या अपघातानंतर गेले. त्यांनी शपथ घेतली होती २६ मे रोजी. म्हणजे ते गेले तेव्हा केंद्रीय ग्रामविकासमंत्री होते. त्यांना 'माजी' म्हणणं चूक. पदावर असताना गेलेला माणूस मृत्यूमुळे माजी होत नाही. विलासराव देशमुखांच्या बाबतीत 'केंद्रीय मंत्री आणि महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री' असे दोन्ही शब्द लागतात, आणि ते याच क्रमानं.

गुन्ह्याच्या बाबतीत तर जीभ आणखी आवरावी लागते. प्रमोद महाजनांवर २२ एप्रिल २००६ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या, ते गेले ३ मे रोजी. त्या मधल्या काळात बातमी 'गोळीबारा'ची आणि 'प्राणघातक हल्ल्या'ची होती. 'हत्या' म्हणजे माणूस गेला असं सांगणं. ऐकणाऱ्याला तो शब्द तसाच कळतो.

'अपूरणीय पोकळी' वगैरे शोकसंदेशात कुणी म्हटलं असेल तर त्याच्या नावावर द्यावं. उद्घोषकानं आपल्या तोंडानं म्हणू नये.

प्रश्न : पेरणीच्या तोंडावर पुढारी वारले अन् रेडिओवर दिवसभर नुसतं वाजवणं चालू होतं. शेतीचा कार्यक्रम नाही, बाजारभाव नाही, पाऊस कधी येणार ते नाही. दुःख आम्हालाबी होतं. पण आमचं कुणी पाहायचं? — शेतकरी, ता. जिंतूर

दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कोणतं केंद्र होतं ते तुम्ही लिहिलंय, मी छापत नाही. पण असं व्हायला नको होतं.

राष्ट्रीय दुखवटा केंद्र सरकार जाहीर करतं, राज्याचा दुखवटा राज्य सरकार. त्या काळात झेंडा अर्ध्यावर असतो आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत. यात हवामानाचा अंदाज कुठंच येत नाही. येलदरी धरणाचे दरवाजे उघडणार असतील आणि आपण सारंगी वाजवत बसलो, तर पूर्णा नदीकाठच्या लोकांनी काय करायचं? हवामान, नदीकाठचे इशारे, बाजारभाव, रक्त हवं असल्याची निवेदनं, परीक्षांच्या सूचना हे सगळं जसंच्या तसं जायला हवं. निवेदकानं आवाज थोडा खाली आणावा, सुरुवातीची आनंदी धून काढावी, बस्स.

उतरवायचं काय? सिनेमाची गाणी, विनोदी श्रुतिका, फर्माइशी, लग्नसराईच्या जाहिराती. उद्घोषकापुढे दिवसाचा क्यूशीट असतो, म्हणजे काय कधी लावायचं याची यादी. अशी बातमी आली की तो घेऊन एकेक ओळ वाचायची. गाण्याचं नुसतं नाव बघून चालत नाही. गाणं संथ असतं आणि दुसऱ्या कडव्यात चिता निघते. श्रुतिकेत आमदाराची टिंगल असते. सगळ्यात घातक म्हणजे आधी तयार करून ठेवलेली झलक, 'येत्या रविवारी ऐका मंत्रिमहोदयांची मुलाखत'. गेलेल्या माणसाचं हे आमंत्रण चुकून लागलं तर त्याच्या घरात काय होत असेल! ती सगळ्यात आधी काढायची.

बदली म्हणून वाद्यसंगीत, अभंग. रेडिओवर शोकासाठी सनई लावायची जुनी रीत आहे, पण आपल्याकडं सनई म्हणजे लग्न. मी नेहमी सारंगी किंवा बासरी काढायचो.

झेंड्याचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यासाठी देशभर तो अर्ध्यावर येतो. केंद्रीय कॅबिनेट मंत्र्यासाठी दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत. मुख्यमंत्री पदावर असताना गेले तर त्यांच्या राज्यात. विलासराव १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत गेले, त्यांच्या गावी, लातूरजवळच्या बाभळगावात अंत्यसंस्कार १५ ऑगस्टला झाले. ध्वजसंहितेप्रमाणे स्वातंत्र्यदिनी झेंडा खाली येत नाही, फक्त जिथं पार्थिव देह ठेवलेला असतो त्या इमारतीवर तो अर्ध्यावर असतो आणि देह हलवला की परत वर जातो. त्या दिवशी लातूरकडच्या माणसाला लाल किल्ल्यावरचं भाषण आणि बाभळगाव, दोन्ही एकाच दिवसात ऐकायचं होतं. असा दिवस सांभाळताना देशभक्तीची गाणी ठेवावी लागतात, पण ढोल-ताशांची नव्हे.

प्रश्न : दुखवट्यात खाजगी एफएमवर मात्र गाणी चालू होती. त्यांना नियम नाही का? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, लातूर

सरकारी करमणूक थांबवण्याचा आदेश त्यांना लागू होत नाही. शिवाय खाजगी एफएमला आपल्याकडं स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्या तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा. तरी गावात सगळी दुकानं मिटलेली असताना आयटम साँग लावू नये, एवढं कळायला नियम लागत नाही.

प्रश्न : किती दिवस दाखवत राहावं? — पत्रकारितेचा विद्यार्थी, नांदेड

दुखवटा किती दिवसांचा, हे सरकार ठरवतं. अटलबिहारी वाजपेयींसाठी २०१८ मध्ये सात दिवस होता. डॉ. मनमोहन सिंग २६ डिसेंबर २०२४ रोजी गेले, तेव्हाही सात दिवस, म्हणजे वर्षअखेरची रात्रही त्यातच आली. पण प्रक्षेपणाचा हिशोब वेगळा. पहिल्या दिवशी माहिती, दुसऱ्या दिवशी अंत्यदर्शन आणि अंत्यसंस्कार, नंतर रोज एक चांगला कार्यक्रम, बाकी नेहमीचं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२१ मध्ये राणी एलिझाबेथचे पती राजपुत्र फिलिप गेले तेव्हा बीबीसीनं आपल्या दोन्ही मुख्य वाहिन्यांवर तेच दाखवलं, आणि एक लाख नऊ हजारांवर प्रेक्षकांनी तक्रार केली. ते राजकारणी नव्हते, पण अंदाज आपल्यालाही येतो.

शेवटची मिरवणूक दाखवताना चितेवर आणि रडणाऱ्या लेकीच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेऊ नका. आणि थेट प्रक्षेपणात जाहिराती घेऊच नका. घ्याव्याच लागल्या तर आधी यादी मागवून बघा, तेलाच्या जाहिरातीत नाचणारं कुटुंब असतं.

प्रश्न : आमच्या गावच्या नेत्याचं जुनं भाषण रेडिओवर लागलं होतं. ते परत मिळेल का? — वाचक, परळी

ज्या केंद्रावर ऐकलं त्या केंद्रप्रमुखांना पत्र लिहा. प्रसंग, ठिकाण आणि साधारण साल नक्की द्या, कारण ध्वनिमुद्रणं त्याच नोंदीवरून शोधली जातात. नुसतं 'साहेबांचं भाषण' असं लिहिलं तर शोधणाऱ्याला काहीच धरता येत नाही. सभा कशासाठी होती, सोबत कोण बोललं, हे आठवत असेल तर तेही लिहा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, त्यांना साल आठवत नसलं तरी त्या वर्षी पाऊस कसा होता ते आठवतं, आणि त्यावरून साल काढता येतं.